एका पेशीचा एक ठिपका

लस टोचल्यावर उंदराच्या रक्तात प्रतिपिंडं वाढली, तरी लशीचं अर्धंच काम कळतं. विषाणू शिरलेली पेशी हुडकून मारणाऱ्या टी-पेशी किती तयार झाल्या, हे वेगळं मोजावं लागतं. त्यासाठीची खात्रीची पद्धत म्हणजे एलिस्पॉट. 1983 मध्ये ती बी-पेशींसाठी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींसाठी निघाली आणि 1988 मध्ये इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या पेशी मोजायला वापरली गेली. हे इंटरफेरॉन म्हणजे टी-पेशीनं आपलं लक्ष्य ओळखलं की ती सोडते ते प्रथिन.

96 खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी पांढरा पडदा असतो. प्रत्येक खळग्यात 35 टक्के इथेनॉलचे 15 मायक्रोलिटर घालून तो ओला करायचा, मिनिटभराच्या आत पाण्यानं पाच वेळा धुवायचा. इथून पुढे पडदा वाळू द्यायचा नाही. वाळला तर प्रतिपिंड नीट चिकटत नाही. मग इंटरफेरॉन पकडणारं प्रतिपिंड घालून प्लेट रात्रभर 4 अंशांवर ठेवायची.

उंदराची प्लीहा 70 मायक्रॉनच्या जाळीवर हलकेच चोळून पेशी सुट्या करतात, तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडतात. जिवंत पेशी मोजून प्रत्येक खळग्यात अडीच लाख घालायच्या, सोबत लशीतल्या प्रथिनाचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड. 37 अंशांवर साधारण 18 ते 20 तास.

या तासांत प्लेटला हात लावायचा नाही, इन्क्युबेटरचं दारही उगाच उघडायचं नाही. पेशी जिथे बसली तिथेच तिचं इंटरफेरॉन पडद्यावर अडकतं. प्लेट हलली की ठिपक्याला शेपूट फुटतं, दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. प्लेटवर प्लेट रचली तर ऊब सारखी पोचत नाही आणि कडेच्या खळग्यांतले आकडे बिघडतात. त्या आकड्यांसाठी एक जीव गेलेला असतो. म्हणून हा निष्काळजीपणा अक्षम्य वाटतो.

दुसरं प्रतिपिंड आणि रंगद्रव्य घातलं की निळे-जांभळे ठिपके उमटतात. खरा ठिपका मध्ये गडद, कडेला विरत जाणारा. टोकदार कडेचा बारीक कण दिसला तर तो बहुधा रंगाचा खडा किंवा धूळ. मोजणी यंत्र तोही मोजतं, म्हणून डोळ्यांनी एकदा पाहावंच.

पेप्टाइड डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेलं असतं, तेव्हा नुसतं डीएमएसओ घातलेले खळगेही हवेत. समजा तिथे सरासरी 2 ठिपके आले आणि पेप्टाइडच्या तीन खळग्यांत सरासरी 52. फरक 50, पेशी अडीच लाख, म्हणून चारनं गुणायचं: दहा लाख पेशींमागे 200. एका खळग्यात कोन्कॅनव्हॅलिन-ए घालतात, ते लस असो-नसो टी-पेशींना चेतवतं. पण तो खळगाही रिकामा राहिला, तर पेशीच मेलेल्या होत्या किंवा प्लेट बिघडली होती. मग त्या प्लेटवरचा शून्य लशीच्या माथी मारता येत नाही.