वैद्यकीय दायित्व व उत्पन्न-व्यवस्थापन : खासगी व्यवसाय, नागपूर

खासगी दवाखाना किंवा रुग्णालय चालवताना उपचारातील निष्काळजीपणाच्या आरोपातून येणारे दिवाणी, फौजदारी व आर्थिक दायित्व आटोक्यात ठेवणे आणि व्यवसायाचे उत्पन्न नियमित राखणे, या दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे. नागपुरात धंतोली, रामदासपेठ आणि मेडिकल चौकाच्या परिसरात डॉक्टरांच्याच मालकीची लहान-मध्यम रुग्णालये दाटीने आहेत. रुग्ण विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाट, बैतूल, राजनांदगाव, आदिलाबाद येथूनही येतात. या भूगोलाचे कायदेशीर परिणाम पुढे आले आहेत.

उगम : डॉक्टर कायद्याच्या कक्षेत नेमके कधी आले याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. काही जण १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा हा आरंभ मानतात, बहुतेक जण १९९५चा निकाल. मधला क्रम असा : राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १९९२ मध्ये कॉस्मोपॉलिटन हॉस्पिटल प्रकरणात वैद्यकीय उपचार ही कायद्यातील ‘सेवा’ ठरवली, मद्रास उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये याच्या विरुद्ध मत दिले, सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालात वाद मिटवला. परंतु हा इतिहास मंचाचा, म्हणजे तक्रार कोठे चालेल याचा आहे, दायित्वाचा नाही. महाराष्ट्रापुरते पाहिले तर ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (१९६८; निर्णयसंग्रहात १९६९ असा उल्लेख आढळतो) अधिक मूलभूत आहे. मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाचे हाड पुरेशी भूल न देता बसवल्याचा आरोप पुण्यातील शल्यचिकित्सकावर होता, आणि दावा साध्या दिवाणी न्यायालयात लढला गेला. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना डॉक्टरने योग्य ती काळजी घेतली पाहिजे, ही तीन कर्तव्ये तेथे स्पष्ट झाली. ग्राहक कायदा उद्या रद्द झाला तरी ती उरतीलच. म्हणून उगम १९९५ मध्ये शोधण्यापेक्षा या परंपरेत शोधणे सयुक्तिक वाटते.

२०१९च्या नव्या कायद्याच्या वेळी हा प्रश्न पुन्हा निघाला. आधीच्या विधेयकात ‘सेवे’च्या व्याख्येत असलेला आरोग्यसेवेचा उल्लेख अंतिम कायद्यात राहिला नाही, म्हणून डॉक्टर वगळले गेले असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही.

कसोटी : त्याच शाखेतील जबाबदार डॉक्टरांचा एक गट ज्याला मान्यता देईल ते वर्तन निष्काळजी नव्हे, ही इंग्लंडमधील बोलम कसोटी (१९५७) भारतात ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने (२००५) स्वीकारली. बोलिथो निकालाने (१९९७) त्या गटाचे मत तर्काला धरून असावे, ही भर घातली. आयोगाच्या कामकाजात मात्र ‘व्ही. किशन राव’ निकाल (२०१०) अधिक जाणवतो. त्यानुसार प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत आवश्यक नसते; पोटात राहिलेले मॉप (रक्त टिपण्याचे कापड) किंवा चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया स्वतःच बोलते. फौजदारी बाजू वेगळी आहे. तेथे निष्काळजीपणा ठळक व गंभीर असावा लागतो आणि गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र, शक्यतो शासकीय सेवेतील डॉक्टरचे मत घेणे अपेक्षित आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये (१ जुलै २०२४ पासून) नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रियेत झालेल्या मृत्यूसाठी कमाल दोन वर्षांची कैद आहे, इतरांना पाच वर्षांची.

मंच व मुदती : २०१९च्या कायद्यात आयोगाचा अधिकार मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरतो. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे, २ कोटींपर्यंतचा राज्य आयोगाकडे. रुग्णालयाचे बिल सहसा ५० लाखांच्या आतच असते, त्यामुळे कोटीच्या भरपाईची तक्रारही जिल्हा आयोगातच उभी राहते. दुसरा बदल नागपूरला जास्त झोंबतो : तक्रारदार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. धंतोलीतल्या शस्त्रक्रियेसाठी बालाघाटच्या आयोगापुढे उभे राहण्याची वेळ त्यामुळे येते. नागपुरात राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. लेखी उत्तरासाठी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आणि फार तर आणखी १५. ४६व्या दिवशी उत्तर घेता येत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये निश्चित केले. चांगली बाजू असलेली प्रकरणे या टप्प्यावर हरतात, कारण लिफाफा स्वागतकक्षातील टेबलावर पडून राहतो.

संमती व कागदपत्रे : ‘समीरा कोहली’ निकालात (२००८) निदानासाठी दुर्बिणीची तपासणी करताना रुग्ण भुलीत असतानाच, आईची संमती घेऊन, गर्भाशय व अंडाशय काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची संमती चालत नाही आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून छापील ‘कोणतीही आवश्यक शस्त्रक्रिया’ हे वाक्य निरुपयोगी ठरते. संमतीपत्रात शस्त्रक्रियेचे नाव, ती करणाऱ्याचे नाव, पर्याय, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, त्या रुग्णाला विशेष लागू असलेले धोके (मधुमेह, आधीची सिझेरियन) आणि दुर्बिणीतून पोट उघडण्यापर्यंत जाण्याची शक्यता हाताने लिहिलेली असावी. भुलीची संमती वेगळी आणि ती भूलतज्ज्ञानेच घ्यावी. छिंदवाड्याच्या रुग्णाची मराठी फॉर्मवर घेतलेली सही जवळजवळ शून्य किमतीची. हिंदी प्रत ठेवणे, समजावून सांगणाऱ्याचे नाव व वेळ लिहिणे आणि रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार घेणे हे कमी खर्चाचे उपाय आहेत.

आयोगापुढे केस पेपर एकटा वाचला जात नाही. तापमान-नाडीचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, ओटी रजिस्टर, भुलीचा चार्ट आणि औषध दुकानाचे बिल शेजारी ठेवले जाते. इंजेक्शन ९.४० ला दिल्याची नोंद आणि ते दुकानातून १०.१५ ला निघाल्याचे बिल, एवढ्या एका विसंगतीने सगळा कागद संशयास्पद ठरू शकतो. चूक झाल्यास एक रेघ मारून सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावलेला कागद हरलेला कागद समजावा. राहून गेलेली नोंद ‘उशिराची नोंद’ असे लिहून आजच्या वेळेने करावी. २००२च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे आणि मागणी आल्यास ७२ तासांत प्रत देणे बंधनकारक आहे. प्रत टाळणे हाच पुढे वेगळा दोष मानला जातो. प्रसूती व नवजात विभागात तीन वर्षे पुरत नाहीत, कारण अज्ञान बालकाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर धरली जाऊ शकते. सल्ला न मानता रुग्ण जात असेल (‘डामा’) तर केवळ सही घेऊन भागत नाही. कोणता धोका सांगितला ते लिहावे लागते.

रात्रपाळीचा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) ही बहुधा सर्वांत दुर्लक्षित जागा. ‘पूनम वर्मा’ निकालात (१९९६) होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा मानला गेला. लहान रुग्णालयांत रात्री आयुर्वेद किंवा होमिओपॅथी पदवीधर असतात. त्यांनी परस्पर औषध बदलले आणि वरिष्ठांच्या फोनवरच्या सूचनेची वेळेसह नोंद नसली, तर जबाबदारी मालकावर येते. फोनवरच्या उपचाराबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात, अटकपूर्व जामीन नाकारताना, अतिशय कडक भूमिका घेतली होती.

विमा : व्यावसायिक नुकसानभरपाई विमा भारतात बहुतांशी ‘दावा येईल तेव्हाच्या’ पॉलिसीवर चालतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी पॉलिसी होती एवढे पुरेसे नाही. दावा येईल त्या दिवशीही ती चालू हवी आणि घटना पॉलिसीवरील ‘पूर्वलक्षी तारखे’नंतरची हवी. समजा पहिली पॉलिसी १ एप्रिल २०१६ ची आहे आणि नूतनीकरण दरवर्षी वेळेत झाले, तर पूर्वलक्षी तारीख २०१६ चीच राहते. मध्ये एकदा महिनाभराचा खंड पडला किंवा कंपनी बदलताना जुनी तारीख नव्या पॉलिसीवर लिहून घेतली नाही, तर ती नव्या पॉलिसीच्या आरंभापर्यंत सरकू शकते आणि आधीची सर्व कामे उघडी पडतात. हप्ता भरलेला असतो, पावती असते, पण संरक्षण नसते.

दुसरा फसवा आकडा म्हणजे एका प्रकरणाची मर्यादा व वर्षाची मर्यादा यांचे गुणोत्तर. एक कोटीची पॉलिसी १:१ असेल तर एका दाव्यालाही कोटी उपलब्ध. १:४ असेल तर एका दाव्याला कमाल २५ लाख. दुसरीचा हप्ता कमी म्हणून ती घेतली जाते. वकिलाचा खर्चही सहसा याच मर्यादेतून जातो. कुणाल साहा प्रकरणात (२०१३) भरपाई सुमारे ६ कोटींवर गेली होती, हे मर्यादा ठरवताना ध्यानात ठेवावे. अर्थात तशी रक्कम अपवादात्मक आहे.

डॉक्टरची वैयक्तिक पॉलिसी रुग्णालय, परिचारिका वा तंत्रज्ञ यांना आपोआप लागू होत नाही. रुग्णालयासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या पॉलिसीची प्रत दरवर्षी फाइलला लावावी. नशेत केलेले काम, गुन्हेगारी कृत्य, दंड, आणि गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील फॉर्म ‘एफ’मधील (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) त्रुटींचे खटले यांना सर्वसाधारणपणे संरक्षण नसते. वकिलाची नोटीस आली की आधी विमा कंपनीला लेखी कळवायचे, मग उत्तर द्यायचे. तिच्या संमतीशिवाय चूक मान्य करणे किंवा तडजोड करणे हे दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण आहे. बिल माफ करायचे असल्यास ‘दायित्व मान्य न करता’ असे लिहून करावे. डॉक्टरांच्या संघटनांच्या सहायता योजना व खासगी ‘मेडिकोलीगल’ कंपन्यांची सदस्यत्वे वकील पुरवतात, परंतु त्यांतील सर्वच विमा नव्हेत.

उत्पन्न : पावती दिली नाही की रुग्ण ‘ग्राहक’ ठरत नाही, हा समज चुकीचा आहे. शांता निकालानुसार इतरांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्णही ग्राहकच. उलट पावती नसल्यास करखात्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. प्राप्तिकर नियमांखालील दैनंदिन केस रजिस्टर केस पेपरशी जुळले पाहिजे. दायित्वाच्या प्रकरणातही ते पुरावा म्हणून मागवले जाऊ शकते. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातील (१ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५चा कायदा) कलम ४४एडीएखाली निम्मे उत्पन्न गृहीत नफा दाखवण्याची सोय ५० लाखांपर्यंतच्या (रोख ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंतच्या) जमेला आहे. ती एकट्याने काम करणाऱ्या सल्लागार डॉक्टरला सोयीची. पगार, भाडे व व्याज भरणाऱ्या रुग्णालयाचा खरा नफा निम्म्याहून बराच कमी असतो. एका रुग्णाकडून एका उपचारापोटी दोन लाख किंवा अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होतो, हप्त्यांत घेतले तरी.

नागपुरात पॅनेलचे काम (कंपन्या व योजनांच्या रुग्णांवर कराराने ठरलेल्या दरात उपचार) मोठे आहे : वेस्टर्न कोलफील्ड्स व मॉइल या खाणकंपन्या, दोन रेल्वे विभाग, सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना), विमा कंपन्यांचे टीपीए (दावे हाताळणारे मध्यस्थ) आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना. दर ठरलेले, देयके उशिरा आणि त्यांतही कपात. एक लाखाच्या देयकावर दहा टक्के टीडीएस आधीच जातो, नफा तेवढा असो वा नसो. त्यातला जास्तीचा भाग विवरणपत्र भरल्यावर परत येतो. त्यामुळे किमान तीन महिन्यांचे पगार व औषधांचे पैसे हाताशी नसताना खाटांचा मोठा वाटा पॅनेलला देणे धोक्याचे असते. योजनेच्या रुग्णाकडून वरचे पैसे मागणे हे पॅनेलमधून निघण्याचे व तक्रारीचेही कारण ठरते.

रुग्ण पाठवणाऱ्याला द्यायचा ‘कट’ आचारनियमांनुसार निषिद्ध आहे. त्याविरुद्धचा महाराष्ट्राचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला, पण कायदा झाला नाही. कटामुळे खर्च वाढतो, तो फुगलेल्या बिलात दिसतो, आणि मृत्यूनंतरच्या वादाला सुरुवात अनेकदा बिलापासूनच होते. २०२१च्या शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. दाखल करतानाच लेखी अंदाजपत्रक आणि रोजचे अंतरिम बिल देणाऱ्या रुग्णालयांत ही भांडणे कमी होतात. तोडफोड झाल्यास २०१०चा राज्य कायदा तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड व नुकसानीच्या दुप्पट भरपाई सांगतो.

व्यवसाय बंद करताना किंवा रुग्णालय विकताना पॉलिसी लगेच थांबवू नये. आधीच्या कामांवरील दावे पुढे किमान दोन वर्षे, बालरुग्णांबाबत त्याहून बरीच अधिक येऊ शकतात. विक्रीकरारात जुने केस पेपर कोणाकडे राहतील आणि मागणी आल्यास प्रत कोण देईल, हे स्वतंत्र कलमात लिहितात.