रुमालातली मोडी आणि यंत्राचा अंदाज

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल कापडाचा एक रुमाल होता. रुमाल म्हणजे दफ्तराचं गाठोडं. आत पणजोबांच्या काळचे मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीतले कागद. दिवाळीच्या सफाईत तो खाली उतरवला, एका कागदाचा फोटो काढला आणि चॅटबॉटला वाचायला दिला. क्षणात जमिनीच्या सनदेचा सुबक मजकूर समोर आला, तारखेसकट. मोडी जाणणाऱ्या शेजारच्या काकांनी तोच कागद पाहिला, तर तो निघाला सूतखरेदीचा जमाखर्च.

असं का झालं? मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायचा. दोन शब्दांत जागा नाही. ‘तीनदीपारकरून’ अशी ओळ आली की नवशिक्या ‘तीन दीपा...’ वाचून अडतो, जाणकार ‘ती नदी पार करून’ वाचून पुढे जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही, त्यामुळे सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, हे संदर्भावरूनच ठरवायचं. संदर्भ लावण्यात चॅटबॉट हुशार असतो, पण अक्षर दिसलं नाही तरी तो थांबत नाही. पुढे कोणता शब्द शोभेल, ते लिहून मोकळा होतो. दफ्तरासाठी हे फार धोक्याचं आहे, कारण चुकीचं वाचनही इतकं सफाईदार असतं की शंकाच येत नाही.

हस्तलिखित वाचण्यासाठीच बनवलेली यंत्रणा वेगळी असते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात आकाराला आलेली ट्रान्सक्रिबस ही त्यातली नावाजलेली. ती आधी पानावरच्या ओळी शोधते, मग एकेका ओळीच्या चित्रावरून कोणतं अक्षर किती शक्य आहे ते ठरवते. हे तिला शिकवावं लागतं: ओळीचं चित्र आणि माणसाने केलेलं अचूक वाचन, अशा हजारो जोड्या देऊन. शिवाय प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. पुण्याच्या कागदांवर तयार झालेलं मॉडेल नागपूरकर भोसल्यांच्या कागदांवर अडखळू शकतं. 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, जागा मिळाली, त्यामुळे वाचलेलं मोडीतच टंकता येतं. पण आधी वाचायला माणूस हवाच.

1863 साली सुरू झालेल्या नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयात नाण्यांचे किंवा शिल्पांचे सारखे फोटो शोधायला चित्रं ताडून पाहणारं तंत्र लगेच कामी येईल. तिथे यंत्राने जुळवलेली जोडी माणूस एका नजरेत तपासू शकतो. कागदाचं तसं नाही. 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, त्याच्या आधीचं नागपूर समजून घ्यायचं तर मोडी टाळून चालत नाही, आणि ती भराभर वाचणारी माणसं आज थोडी आहेत. त्यांचं वाचन आत्ताच जोड्यांच्या रूपात साठवलं नाही, तर पुढे यंत्राला शिकवायचं कोणी?

आता दर रविवारी काका येतात. ते एकेक ओळ वाचतात, मी त्या ओळीच्या फोटोखाली देवनागरीत टंकतो. जिथे त्यांना खात्री नसते, तिथे मी प्रश्नचिन्ह घालतो. बावीस पानं झाली आहेत, सुताचा हिशेब अजून संपलेला नाही.