परदेशात शिकायला जाण्याआधी हिशेब मांडू या
(सप्टेंबर २०२६ आणि त्यापुढच्या प्रवेशांसाठी, नाशिक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना)

पाच-सहा वर्षांपूर्वी परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या आमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात आलेला मुलगा खुर्चीत टेकायच्या आधीच देशाचं नाव सांगायचा. कॅनडा. का, तर मित्र गेलाय, काम मिळतं, पुढे पीआर (कायम राहण्याचा परवाना) होतो. आता मुलाबरोबर वडीलही येतात आणि पहिला प्रश्न तेच विचारतात: "हा तिकडे गेल्यावर नियम बदलले तर?"

प्रश्न अगदी योग्य आहे. हे पत्रक त्याच प्रश्नासाठी लिहिलं आहे.

अर्ज भरतानाचा नियम, पदवी मिळतानाचा नियम

गेल्या दोन-तीन वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच, की या दोन्ही वेळी नियम एकच असेल असं धरता येत नाही. इंग्लंडचं बघा. मास्टर्स झाल्यावर तिथे दोन वर्षं राहून काम शोधता येतं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण १ जानेवारी २०२७ पासून त्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला दीडच वर्ष मिळणार आहे (पीएचडीवाल्यांना पूर्वीसारखीच तीन). सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाच्या कोर्सला गेलेल्या मुलाचा निकाल २०२७ मध्येच लागणार, म्हणजे त्याला अठरा महिनेच. तरीही "दोन वर्षं स्टे-बॅक" अशा जाहिराती अजून फिरत आहेत. नवरा किंवा बायको सोबत नेण्याची सोयही साध्या मास्टर्सला जानेवारी २०२४ पासून बंद आहे. लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या घरी ही गोष्ट आधी बोलून घ्या.

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा घातली. लवकर निकाल देणारी स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद केली. राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षं १०,००० डॉलर होती. ती २०२४ च्या सुरुवातीला २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर. आमच्या मते यापेक्षाही मोठा बदल डिप्लोमाचा आहे. बीकॉम किंवा बीएससी करून एखाद्या कॉलेजात डिप्लोमा आणि मग वर्क परमिट, ही वाट आपल्याकडच्या कितीतरी घरांनी धरली होती. आता पदवी नसलेल्या कोर्सला वर्क परमिट हवं असेल तर विषय सरकारच्या यादीत असावा लागतो, आणि मॅनेजमेंटचे नेहमीचे डिप्लोमे त्या यादीत बसत नाहीत. उलट सरकारी विद्यापीठातलं मास्टर्स आणि पीएचडी जानेवारी २०२६ पासून स्टडी परमिटच्या संख्येच्या मर्यादेतून वगळलं आहे. कॅनडाचं दार बंद झालेलं नाही, पण ते आता अभ्यासात पक्क्या असलेल्यांसाठी उघडं आहे.

ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात: जुलै २०२४ आधी ७१० डॉलर असलेली व्हिसा फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. "बघू तर करून" म्हणून अर्ज टाकण्याचा देश तो राहिला नाही.

अमेरिकेत सायन्स, इंजिनिअरिंग, गणिताच्या पदवीनंतर एक अधिक दोन असं तीन वर्षं काम करता येतं, ते आजही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं तेव्हा आमचा फोन दोन दिवस थांबला नव्हता. पुढच्याच महिन्यात तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं, की अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बी वर जाणाऱ्याला ते लागू नाही. तरी तेवढ्यावर तीस-चाळीस लाखांचं कर्ज उभं करू नका. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत जायच्या आधी सोशल मीडियाची खाती 'पब्लिक' करावी लागतात. मुंबईत तारीख मिळत नाही म्हणून दुबईत मुलाखत द्यायची, ही पळवाटही आता राहिलेली नाही. ज्याने-त्याने आपापल्या किंवा जिथे राहतो त्या देशातच अर्ज करायचा आहे.

जर्मनी: स्वस्त आहे, सोपं नाही

सध्या आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा जर्मनीची होते. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल करून अंबड-सातपूरला वर्ष-दोन वर्षं नोकरी केलेल्या मुलांना हा देश खरंच जुळतो, आणि आम्ही तो मनापासून सुचवतो. पण "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य अर्धंच खरं आहे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे बरोबर. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने हिवाळी सत्र २०२४-२५ पासून फी सुरू केली आहे. खासगी विद्यापीठं तर पूर्ण फी घेतात. "इंग्लिशमध्ये शिका, जर्मन लागत नाही, प्रवेश पक्का" असं कोणी सांगितलं, तर ते विद्यापीठ सरकारी आहे की खासगी हे आधी विचारा.

फी नसली तरी पैसे लागतातच. ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी ते बारा लाखांच्या घरात जातं. हे पैसे बुडत नाहीत, दर महिन्याला ९९२ युरो करून मुलालाच परत मिळतात. पण निघण्याआधी ते उभे करावेच लागतात. त्याशिवाय एपीएस, म्हणजे तुमच्या गुणपत्रिकांची तपासणी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ती सक्तीची आहे आणि तिची फी १८,००० रुपये. पुणे विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट हातात यायलाच वेळ जातो, तेव्हा शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, त्याआधीच कामाला लागा. जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर वकिलातीकडे फेरविचार मागायची सोयही गेली. नवा अर्ज करायचा किंवा तिथल्या कोर्टात जायचं. म्हणून पहिलीच फाइल चोख हवी.

आणि भाषा. कोर्स इंग्रजीत असला तरी दुकानातली अर्धवेळ नोकरी, घरमालक, पुढची कंपनी, सगळीकडे जर्मन लागतं. ए-१ चं (पहिल्या पायरीचं) सर्टिफिकेट फाइलला शोभतं, पोट भरायला निदान बी-१ (तिसरी पायरी) लागतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात क्लास लावा. हे सांगितलं की मुलं नाराज होतात, पण दोन वर्षांनी फोन करून त्याबद्दलच आभार मानतात.

शेतीचा पैसा कसा दाखवायचा

हा भाग दिंडोरी, निफाड, चांदवडच्या पालकांनी शांतपणे वाचावा. मुंबई-पुण्यात छापलेल्या माहितीत तो सापडत नाही.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे दाखवण्यासारखं रिटर्नच नसतं. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम येतात आणि खातं वर जातं. मग औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज भरलं की ऑक्टोबर छाटणीपर्यंत खाली येतं. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण दूर बसलेल्या अधिकाऱ्याला खात्यात अचानक आलेले पंधरा लाख उसने आणून ठेवल्यासारखे दिसतात. म्हणून सातबारा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांच्याबरोबर व्यापाऱ्याच्या किंवा बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या तीन वर्षांच्या जपून ठेवा. पैसे रोखीने घेण्याऐवजी खात्यावर घ्या. नाइलाजाने रोख घेतले असतील, तर पट्टीच्या तारखेलाच भरा.

इंग्लंडसाठी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. राहण्याखाण्यासाठी लंडनला महिना १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे. म्हणजे १३,७६१ किंवा १०,५३९ पौंड. त्यात उरलेली फी मिळवा. एक दिवस जरी शिल्लक या आकड्याखाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी विसाव्या दिवशी ट्रॅक्टरचा हप्ता त्याच खात्यातून जाऊ दिला, आणि तिचा सप्टेंबरचा प्रवेश जानेवारीवर गेला. तेव्हापासून आम्ही २८ दिवसांसाठी वेगळं खातं उघडायलाच सांगतो.

दुसरी अडचण एकत्र कुटुंबाची. जमीन आजोबांच्या नावावर, पैसे काकांच्या खात्यावर. इंग्लंडला विद्यार्थ्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांचंच खातं चालतं. काकांचं चालत नाही, माया कितीही असली तरी. पैसे वेळेत आई-वडिलांच्या खात्यावर आणा आणि त्याचा कागद ठेवा. पतसंस्थेतली ठेव असेल तर ती आधी चांगल्या बँकेत हलवा.

कर्जाला जमीन तारण देऊ म्हणणारे पालकही रोज येतात. बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली त्यांना ती जप्त करता येत नाही. एनए प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव चालते.

हप्त्याचा खरा आकडा

तीस लाख रुपये, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता ४१,००० रुपयांच्या वर. पण सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि शिकताना दोन वर्षं व्याज भरलं नाही, तर सरळ व्याजानेच ६,६०,००० चढतात आणि हप्ता ५०,००० ओलांडतो. आता स्वतःला विचारा: मुलगा परत आला आणि नाशिकला किंवा पुण्याला त्याला नोकरी लागली, तर हा हप्ता झेपेल का? झेपत असेल तर जा, निर्धास्त जा. नसेल, तर लहान शहर, कमी फीचं विद्यापीठ किंवा एक वर्ष नोकरी करून मग जाणं, यांचा विचार आपण एकत्र बसून करू. असा हिशेब मांडल्यावर तीन विद्यार्थ्यांना तरी आम्ही यंदा थांबायला सांगितलं आहे.

एक दिलासा: १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच घेते तो कर) नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवले तरी नाही. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर कापला गेलेला टीसीएस रिटर्न भरून परत मिळवता येतो.

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठ?

हेही खूप विचारलं जातं. जून २०२५ मध्ये यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांच्यासह पाच संस्थांना नवी मुंबईसाठी इरादापत्रं मिळाली. डीकिन आणि वोलोंगाँग गुजरातच्या गिफ्ट सिटीत आधीच शिकवत आहेत, साउदम्प्टन गुरुग्रामला. घराजवळ, कमी खर्चात शिकायचं असेल तर पर्याय चांगला. पण पदवी तिकडची असली तरी तिकडे राहून काम करण्याचा व्हिसा त्यातून मिळत नाही.

आम्हाला पैसे कोण देतं

हे तुम्ही विचारण्याआधी आम्हीच सांगतो. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडच्या अनेक विद्यापीठांकडून प्रवेशामागे आम्हाला कमिशन मिळतं, म्हणून तिथल्या अर्जांना तुमच्याकडून फी घेत नाही. जर्मनीची सरकारी विद्यापीठं काहीच देत नाहीत, तिथे आमची फी आहे आणि ती आधी लेखी देतो. कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन फक्त तिथला परवाना असलेली व्यक्तीच देऊ शकते. आमच्याकडे तो परवाना नाही, म्हणून कॅनडाच्या व्हिसाचं काम आम्ही घेत नाही. परदेशी एमबीबीएसचंही नाही. खोटा अनुभवाचा दाखला, भाड्याने आणलेली शिल्लक, दुसऱ्याने लिहिलेलं एसओपी (हा कोर्स का करायचा हे सांगणारं पत्र) घेऊन येऊ नका. आता विद्यापीठंही व्हिडिओवर मुलाखत घेतात आणि "हाच कोर्स का?" हे मुलालाच सांगावं लागतं.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका (बॅकलॉगसकट), पासपोर्ट आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे सध्याचे हप्ते एका कागदावर लिहून आणा. आई किंवा वडील सोबत असावेत. शनिवारी गर्दी असते. मंगळवार-बुधवारी आलात तर निवांत बसता येईल.