ट्रेलरचे आपत्कालीन ब्रेक

चालत्या गाडीमागचा ट्रेलर सुटला, तर चालकाने काही न करता त्याची चाके जखडणारी यंत्रणा. उतारावर ब्रेक तापून निकामी होणे हा वेगळा दोष आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहनांचे जे अपघात होतात, ते बहुधा त्या दुसऱ्या प्रकारातले. त्यांवर या यंत्रणेचा उपाय चालत नाही.

कल्पना रेल्वेतून आली, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो श्रेयाबद्दल. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या 1869 च्या हवा-ब्रेकमध्ये नळीत दाब भरला की ब्रेक लागे. साहजिकच नळी तुटली की मागचे डबे मोकाट. 1872 च्या सुमारास त्यांनी क्रमच उलटा केला. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला की डब्याखालच्या टाकीतली हवा तो लावणार. काही अभ्यासक इतिहास इथूनच मोजतात. इतरांचा भर आयर्लंडमधील आर्मा येथील 12 जून 1889 च्या दुर्घटनेवर असतो. चढावर अडलेल्या गाडीचे मागचे डबे सोडवले गेले, ते उलटे घरंगळले आणि सुमारे 80 जण दगावले. गाडीला निर्वात (नळीतली हवा शोषून चालणारे) ब्रेक होते, पण डबे सुटल्यावर आपोआप लागणारे नव्हते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. शोध 1872 चा आणि प्रसार 1889 नंतरचा, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. बोरघाटाच्या 37 फुटांस 1 फूट चढाच्या लोहमार्गावर मात्र उपाय रुळांतच होता: सुटलेली गाडी चढणीच्या फाट्यावर वळवून थांबवायची.

रस्त्यावर हेच तत्त्व विसाव्या शतकात आले. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर यांच्यात हवेचे दोन पाइप असतात. लाल पाइप ट्रेलरची टाकी सतत भरत राहतो. पिवळ्यातून पेडलचा हुकूम जातो. लाल पाइप तुटला की ट्रेलरवरचा आपत्कालीन व्हॉल्व्ह टाकीतली हवा थेट बूस्टरमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या डब्यात सोडतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या 13 क्रमांकाच्या नियमानुसार लाल पाइपमधला दाब सेकंदाला किमान 1 बार (दाबाचे एकक) या गतीने घटत असेल, तर तो 2 बारवर येण्यापूर्वीच ट्रेलरचे ब्रेक लागू लागले पाहिजेत. टाकीतली हवा झिरपून संपते, म्हणून पुढे स्प्रिंगचे बूस्टर आले. त्यांत हवा स्प्रिंग दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंगच चाक आवळते. बंद पडलेला ट्रेलर हलवण्यासाठी मेकॅनिक बूस्टरमागचा बोल्ट आवळून ही स्प्रिंग मागे खेचून ठेवतात. तो बोल्ट पुन्हा सैल करायचा राहिला, तर त्या चाकापुरती ही सोय संपलीच.

हलक्या ट्रेलरना हवा नसते. युरोपात पुढची गाडी आणि ट्रेलरचा हँडब्रेक यांना बांधलेली पातळ तार ब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. अमेरिकेत ताणाने खिट्टी निघते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीवर विजेचे ब्रेक लागतात. ते किमान 15 मिनिटे टिकावेत अशी अट आहे. सोबत ट्रेलरला गाडीशी जोडून ठेवणारी साखळी हवी की नको, यावर दोन्हीकडचे नियम जुळत नाहीत. ब्रेक नसलेल्या छोट्या ट्रेलरला साखळी अपरिहार्यच. ब्रेक असलेल्या जड ट्रेलरने मात्र पुढच्या गाडीला ओढत नेण्यापेक्षा अलग होऊन थांबावे, हे युरोपीय मत अधिक पटते.

भारतात ब्रेकसंबंधीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 96 मध्ये आहेत. वाहनांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना 1966) पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. गळीत हंगामात बारामती, इंदापूर, दौंड भागात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात. त्यांतल्या पुष्कळांना स्वतःचा ब्रेकच नसतो, सारी भिस्त हुकातल्या खिट्टीवर.

तपासणी सोपी आहे. घोड्याचा हँडब्रेक लावून लाल पाइप काढायचा. हवेचा फुसकारा येऊन ट्रेलरची चाके आवळली पाहिजेत. मग हँडब्रेक सोडून पहिल्या गिअरमध्ये हलकेच ओढून पाहायचे. ट्रेलर हलला, तर व्हॉल्व्ह किंवा बूस्टर उघडावा लागतो.