हिशेबाच्या ऑडिटपासून माणसांच्या ऑडिटपर्यंत

नागपुरात कार्यालय आणि गडचिरोली, मेळघाट किंवा भंडाऱ्यात काम, असा संसार असणाऱ्या संस्थांकडे एप्रिल-मे म्हणजे ऑडिटचे दिवस. सीएकडची मुले येतात, व्हाउचर उलटतात, बँकेचा ताळमेळ लावतात. त्यात पेट्रोलचे व्हाउचर असते: अमुक लिटर, अमुक रुपये, कार्यकर्त्याची सही. रक्कम जुळली की टिकमार्क. त्याच कागदावरून आणखीही काही वाचता येते. दिवसभरात दुचाकीवर किती किलोमीटर झाले, परतायला रात्र झाली का, गाडी कोणाच्या नावावर, तिचा विमा चालू आहे का. पण हे वाचायला कोणी सांगितलेलेच नसते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा १९५० सालचा आणि हिशेबतपासणी त्यात सक्तीची. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची तपासणी, जिला आता सगळे ड्यूटी ऑफ केअरचे, म्हणजे काळजी घेण्याच्या जबाबदारीचे, ऑडिट म्हणतात, ती कैक दशकांनी आली, आणि तीही बहुतांशी मृतांच्या याद्यांमुळे.

तिचे कायदेशीर मूळ ब्रिटनमध्ये आहे. आपल्या निष्काळजीपणाची झळ ज्याला बसेल हे आधी दिसू शकते, त्याच्याविषयी आपली जबाबदारी असते, हे तत्त्व तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायासन असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ मध्ये मांडले. १९३७ मध्ये खाणीत जखमी झालेल्या एका कामगाराच्या दाव्यात त्याच न्यायासनाने ते मालकाला लावले. सक्षम सहकारी, पुरेशी साधने आणि कामाची सुरक्षित पद्धत या तीन गोष्टी मालकाने द्यायच्या, आणि ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. ‘गाडी ठेकेदाराची होती, आमचा संबंध नाही’ या नेहमीच्या उत्तरातली हवा तिथेच गेली होती.

आपल्याकडे मात्र आधीचाच प्रश्न अडला: सेवा करणाऱ्या संस्थेचा नोकर हा कायद्याच्या अर्थाने कामगार की नाही? त्याचे उत्तर ती संस्था ‘उद्योग’ ठरते का, यावर अवलंबून. या वादातला एक महत्त्वाचा निकाल नागपूरचाच आहे. नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये आरोग्य, अग्निशमन, शिक्षण, सार्वजनिक बागा असे विभागही ‘उद्योग’ ठरवले. नफ्याचा हेतू नसला म्हणून सुटका नाही. १९७८ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ही व्याख्या धर्मादाय संस्थांपर्यंत ताणली. आता चक्र उलटे फिरले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि समाजसेवी संस्थांना ‘उद्योगा’तून वगळले आहे. वादाचा तो दरवाजा बंद झाल्यावर संस्थेची स्वतःची तपासणी ही जास्तच मोलाची ठरते, असे आमचे मत.

मदतकार्याच्या जगात जाग आली ती हल्ल्यांनी. १७ डिसेंबर १९९६ च्या पहाटे चेचन्यातील नोव्ये अतागी येथे रेडक्रॉसच्या रुग्णालयातील सहा जणांना त्यांच्या खोल्यांमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. चिन्ह पाहून कोणी हात लावणार नाही, हा जुना भरवसा तिथे संपला. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कनाल हॉटेलमधील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर ट्रकबॉम्ब आदळला. २२ जण गेले. चौकशीत जे निघाले ते ऑडिटरच्या नजरेने वाचण्यासारखे आहे. धोक्याच्या सूचना होत्या, पण त्यावर निर्णय घेणारी यंत्रणाच बिघडलेली होती. खिडक्यांच्या काचांना स्फोटरोधक फिल्म लावायची राहून गेली होती. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र सुरक्षा विभाग उभा राहिला.

४ ऑगस्ट २००६ रोजी श्रीलंकेतील मुत्तूर येथे एका फ्रेंच संस्थेचे १७ कर्मचारी मारले गेले. सगळे स्थानिक. पुढेही हेच दिसते: संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले, त्यात बहुसंख्य त्या त्या देशातलेच. सुरक्षेचे प्रशिक्षण, उपग्रह फोन, सुटकेचे विमान हे मात्र बराच काळ परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच असे.

तरीही ‘काळजी घ्यावी’ हा सल्ला ‘घेतली का ते दाखवा’ या मागणीत बदलला तो एका दाव्यामुळे. २९ जून २०१२ रोजी केनियातील दादाब निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रिफ्यूजी कौन्सिलच्या ताफ्यावर हल्ला झाला. एक चालक ठार झाला, चौघांचे अपहरण झाले आणि चौथ्या दिवशी त्यांची सुटका झाली. त्यातील एका कॅनेडियन कर्मचाऱ्याने संस्थेवर दावा लावला. निष्काळजीपणा संस्थेने मान्य केला, ‘घोर’ हे विशेषण नाकारले. २५ नोव्हेंबर २०१५ रोजी ओस्लोच्या न्यायालयाने तेही लावले आणि सुमारे ४४ लाख क्रोनर भरपाई दिली. अपहरणाचा धोका आधी ठाऊक होता का, सशस्त्र संरक्षण न घेण्याचा निर्णय कोणी आणि कशावरून घेतला, जाणाऱ्यांना पुरती कल्पना होती का, या प्रश्नांना कागदोपत्री उत्तरे लागली. आजच्या तपासणी-नमुन्यांत हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आढळतात.

भारताचा स्वतःचा असा क्षण त्याआधीच येऊन गेला होता. १९९२ मध्ये राजस्थानात महिला विकास कार्यक्रमाच्या एका ‘साथिन’वर, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, बालविवाह रोखण्याचे काम केल्याचा सूड म्हणून, सामूहिक बलात्कार झाला. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, बाहेरची एक सदस्य, घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी. हा कायदा कार्यालयातल्या छळाचा म्हणून शिकवला जातो. त्याचा उगम गावात काम करणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावरच्या बाईपाशी आहे. समितीचा फलक नागपूरच्या भिंतीवर आणि क्षेत्रातल्या ताईंना समितीचा नंबरही ठाऊक नाही, असे आढळले तर ती किरकोळ त्रुटी समजू नये.

मानकांचा प्रवास थोडक्यात: मदतसंस्थांनी कर्मचाऱ्यांना कसे वागवावे याची पीपल इन एडची आचारसंहिता १९९७ ची, मदतकार्याच्या दर्जाचे कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड डिसेंबर २०१४ चे (आठवी बांधिलकी कर्मचाऱ्यांविषयी, सुधारित आवृत्ती २०२४ ची), प्रवासातील जोखमीसाठी आयएसओ ३१०३० हे २०२१ चे.

या इतिहासात सतत गळणारा माणूस म्हणजे यादीबाहेरचा माणूस. म्हणून तपासणी धोरणाच्या फाइलपासून सुरू करू नये, नावांपासून करावी. पगारपत्रक, मानधनाची यादी, स्वयंसेवक, भाड्याच्या गाड्यांचे चालक अशी सगळी नावे एका तक्त्यात घ्यायची आणि शेजारी विमा कंपनीकडची यादी ठेवायची. समूह विम्यात मधेच रुजू झालेल्याचे नाव कंपनीला कळवून चढवावे लागते. ते राहते, आणि सोडून गेलेल्याचे तसेच पडून असते. काही संस्था पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेवर भागवतात. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण, पण फक्त अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाला. दवाखान्याचा खर्च त्यात नाही. हप्ता कर्मचाऱ्याच्याच खात्यातून कापला जातो, आणि मेअखेर खात्यात पैसे नसले की संरक्षण संपते. मलेरियाने आठवडाभर भरती झालेल्या गडचिरोलीतल्या कार्यकर्त्याला त्यातून एक रुपया मिळत नाही.

मग प्रवास. दहा फेऱ्या चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि प्रत्येकीचे कागद मागावेत. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून पाणी गेले की भामरागड तुटते. त्या आठवड्यांत टीम कुठे थांबणार, परत कधी फिरायचे हे कोणी ठरवायचे, हे लिहिलेले हवे. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तरी मे महिन्यातल्या घरोघरच्या सर्वेक्षणाच्या वेळा दुपारी बाराच्या दिसतात, कारण प्रकल्पाचा अहवाल जूनमध्ये द्यायचा असतो. अपघात-नोंदवही वर्षभर कोरी असेल तर शाबासकी देऊ नये. नोंदवायला लोक घाबरतात किंवा वही असल्याचेच त्यांना माहीत नाही. मुलाखती वरिष्ठांना बाहेर ठेवून घ्याव्यात, आणि गरज असेल तिथे स्थानिक भाषेत, माडिया किंवा कोरकूत.

गंमत अशी की १९५७ पासून नागपुरात आपत्ती-मदतीचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. बचाव करणाऱ्याने आधी स्वतःला सांभाळायचे, हा अशा प्रशिक्षणाचा पहिला धडा.

बहुतेक त्रुटींचे कारण शेवटी पैशात निघते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. विमा, समुपदेशन आणि प्रशिक्षण हे खर्च त्याच खात्यात ढकलले की आधी तेच कापले जातात. त्यामुळे ‘विमा नाही’ एवढाच शेरा मारून भागत नाही. प्रति कर्मचारी वार्षिक खर्च किती, तो कोणत्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून जाणार, मंजुरी कोणाची आणि तारीख कोणती, हे शेऱ्यासोबतच लिहावे. पुढच्या वर्षीच्या तपासणीत पहिले पान तेच उघडायचे असते.