मूळबंध ते पेल्व्हिक फ्लोअर : कोकणातल्या बाईपर्यंत उशिरा पोचलेली विद्या

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनावर बसायची रीत सांगताना ज्ञानदेव बोटांनी मोजून जागा दाखवतात. गुद आणि शिश्न यांच्यामध्ये चार अंगुळांचं अंतर. त्यातलं दोन्हीकडचं दीड-दीड अंगुळ सोडायचं, मध्ये उरतं एक अंगुळ. तिथे टाच नेमकी टेकवून शरीर तोलायचं. हा मूळबंध, आणि वज्रासन हे त्याचंच दुसरं नाव. साल १२९०. आज दापोली, गुहागर, मालवणकडच्या योगवर्गांत 'पेल्व्हिक फ्लोअर' म्हणून ओटीपोटाच्या तळाचे जे स्नायू शिकवले जातात, ते जिथे एकत्र येऊन मिळतात ती जागा याच एका अंगुळाच्या आत आहे. इतकी अचूक शरीराची ओळख मराठीत सव्वासातशे वर्षांपूर्वी लिहिली गेली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण ही मापं पुरुषाच्या देहाची आहेत. आसनावर बसलेला साधक पुरुष आहे, हे तिथे गृहीतच धरलेलं आहे.

पुढच्या ग्रंथांतही फार फरक नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत मूलबंधाची कृती थोडक्यात येते: टाचेने योनिस्थान (गुद आणि जननेंद्रिय यांमधली जागा) दाबा, गुद आकुंचित करा, अपान म्हणजे खाली जाणारा वायू वर ओढा. घेरंडसंहितेतली अश्विनी मुद्रा तर आजच्या व्यायामाच्या आणखी जवळची. गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळायचं आणि सोडायचं, एवढंच तिथे सांगितलं आहे. या सगळ्याचा हेतू मात्र संसाराचा नव्हता. प्राण-अपानाचा मेळ, कुंडलिनी, दीर्घायुष्य, वीर्यरक्षण यांसाठी ही साधना होती. हठप्रदीपिकेत वज्रोली या वीर्यरक्षणाच्या मुद्रेच्या वर्णनात स्त्रीचा उल्लेख येतो, रजाचं रक्षण करणारी तीही योगिनीच, असं म्हटलेलं आहे. पण तिच्या सुखाची गोष्ट तिथेही नाही.

सुखाची गोष्ट आहे ती कामसूत्रात. वात्स्यायनाने संभोगात स्त्रीने योनीच्या स्नायूंनी घट्ट धरून ठेवण्याच्या कृतीला 'वाडवक' म्हटलं आणि ती सरावाने साधते, असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे हे स्नायू इच्छेने हलवता येतात आणि सवयीने बळकट होतात, हे हठयोगाच्या या ग्रंथांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. साधकाची विद्या आणि रसिकाची विद्या अशा दोन वाटा झाल्या आणि घरातली बाई दोन्हींच्या बाहेर राहिली.

तिच्यासाठी होतं ते बाळंतपणाचं शास्त्र. चरकसंहितेत प्रसूतीनंतर तूप-तेल पाजून पोट मोठ्या स्वच्छ वस्त्राने गुंडाळायला सांगितलं आहे, कारण पोकळी उरली नाही की वायू पोटात बिघाड करत नाही. कोकणात सुईण जुन्या मऊ लुगड्याची पट्टी ओटीपोटापासून वर आवळत न्यायची, ती हीच रीत. सोबत शेकशेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, नारळाच्या रसातली अळिवाची खीर आणि सव्वा महिना बाजेवर. बाईला हक्काची विश्रांती मिळवून देणारी ही व्यवस्था मी मोलाची मानते. पोट बांधल्याने कंबरेला आधारही मिळतो. पण त्याने खालचे स्नायू बळकट होत नाहीत, आणि पट्टी फार आवळली तर दाब उलट खालीच जातो. त्या स्नायूंना पुन्हा कामाला लावणं ही गोष्ट सुईणीच्या यादीत नव्हती.

आणि सव्वा महिना संपला की? विहिरीवरून हंडा-कळशी, जांभ्याच्या पायऱ्या, डोईवर लाकडाची मोळी. आषाढात तरवा काढून लावणीला दिवसभर वाकणं. किनाऱ्याला मच्छीची पाटी. हर्णैच्या बंदरावर लिलावानंतर भरलेली पाटी डोक्यावर चढवणारी बाई जवळून पाहिली की कळतं: उचलायच्या क्षणी ती दात आवळते, श्वास कोंडते, आणि पोटातला सगळा जोर ओटीपोटाच्या तळावर येतो. बाळंतपणात ताणलेल्या स्नायूंवर हे वर्षानुवर्षं होत राहिलं की शिंकताना, खोकताना लघवी सुटते. पुढे अंग बाहेर येतं. ही दुखणी सासवा-सुनांनी आपापसांतही दबक्या आवाजातच सांगितली.

'पूर्वीच्या बायका उकिडव्या बसायच्या, विळीवर मासे कापायच्या, म्हणून त्यांना असलं काही व्हायचं नाही,' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. ते मला पटत नाही. तसं असतं तर मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तरुण बायकांचं बाहेर आलेलं गर्भाशय न काढता वर बांधून ठेवणाऱ्या शस्त्रक्रिया शोधाव्याच लागल्या नसत्या. अशा शस्त्रक्रियांना आजही शिरोडकर आणि पुरंदरे यांची नावं आहेत. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९. गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे, १९५५ पासूनच्या 'शिरोडकर स्टिच'मुळे, ते जगभर ओळखले गेले. गर्भाशय वर बांधायच्या त्या शस्त्रक्रियांच्या पेशंट तरुण होत्या, पुढे मूल हवं होतं, म्हणून गर्भाशय राखणं भाग होतं.

संसारी बायकांना योग शिकवायची सुरुवातही याच किनाऱ्यावर झाली. १९१८ साली श्रीयोगेंद्रांनी वेसाव्याला, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, 'द योगा इन्स्टिट्यूट' काढली. योगेंद्र स्वतः गृहस्थ. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली स्त्रियांच्या योगव्यायामावर पुस्तक लिहिलं. योगावर बाईने लिहिलेल्या जगातल्या पहिल्या काही पुस्तकांत ते मोडतं. घाटावर लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान (पोट आत-वर खेचणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) यांच्या वेळी पोटात काय घडतं, ते त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून पाहिलं. बंध ही गूढ गोष्ट नाही, शरीरात मोजता येणारी क्रिया आहे, हे त्यामुळे सुशिक्षितांना पटलं. बायकांच्या लैंगिक स्वास्थ्यावर मात्र कोणी उघड बोललं नाही, आणि त्या काळात ते सोपंही नव्हतं.

बोलले ते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा १८८२ साली जन्मला. घराणं दापोलीजवळच्या मुरुडचं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२५ मध्ये त्यापायी प्राध्यापकी गेली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. लैंगिक सुख हा बाईचाही हक्क आहे, हे त्यांनी मराठीत इतक्या लवकर आणि इतक्या रोखठोकपणे मांडलं की अश्लीलतेचे खटले मागे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्याच मंडणगड तालुक्यात. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची बाजू होती. ती कोर्टाला मान्य झाली नाही, कर्व्यांना दंड झाला. शंकानिरसनाबद्दल दंड भरलेला माणूस आपल्याच मुलखातला होता, याची आठवण रत्नागिरी जिल्ह्यात फारशी कोणी काढत नाही. ती काढली पाहिजे.

कर्वे लिहीत होते तेव्हा कोकणातली घरं कशी होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, बायका गावी. मनिऑर्डर दरमहा, माणूस गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात. नवरा-बायकोचं एकत्र राहणं त्या थोड्या दिवसांत, भरल्या घरात, कुडाच्या भिंतीआड. दुखतं का, बरं वाटतं का, हे विचारायला सवड नव्हती आणि शब्दही नव्हते. संबंधाच्या वेळचं दुखणं हे सोसायचंच असतं, ही समजूत तिथे घट्ट झाली, आणि चाकरमान्यांनी बिऱ्हाडं मुंबईला नेली तरी ती सोबत गेली.

आधुनिक वैद्यकात या व्यायामाला ज्याचं नाव मिळालं ते आर्नल्ड केगेल लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी प्रसूतीनंतर सैल झालेल्या स्नायूंसाठी क्रमाक्रमाने वाढवायचा व्यायाम प्रसिद्ध केला. नुसतं तोंडी सांगून बायकांना नेमका स्नायू सापडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी पेरिनिओमीटर बनवला: योनीत ठेवायची हवेची नळी आणि तिला जोडलेली तबकडी, जिच्यावर आपण किती आवळतो ते बाईला स्वतः दिसायचं. इलाज लघवी सुटण्यावर होता, पण पेशंट सांगू लागल्या की संवेदना आणि सुखही वाढलं. १९५२ मध्ये केगेलनी या स्नायूच्या लैंगिक कार्यावर वेगळा लेख लिहिला.

असं का होतं, ते समजायला अवघड नाही. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्यांच्यावर पेललेले. मूत्रमार्ग, योनी आणि गुद त्यांच्यामधून बाहेर येतात. कामतृप्तीच्या क्षणी हेच स्नायू साधारण ०.८ सेकंदाच्या अंतराने लयीत आकुंचन पावतात. ते अशक्त असले की जाणीव बोथट होऊ शकते. उलट ते सतत आवळलेले असले की दुखतं, आग होते, काही जणींच्या बाबतीत प्रवेशच अशक्य होतो. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. अशा बाईला केगेल करायला सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं.

योगाचं खरं देणं मला इथे दिसतं. श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली येतं, तसा ओटीपोटाचा तळही किंचित खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. म्हणून आकुंचन श्वास सोडताना, शिथिलता श्वास घेताना. वर्गात पहिल्यांदा सांगितलं की बहुतेक जणी ढुंगण आवळतात, मांड्या दाबतात, श्वास धरतात, चेहरा ताणतात. वारा अडवल्यासारखं आणि लघवी रोखल्यासारखं करून आत-वर उचलायचं, जबडा सैल ठेवायचा, असं कोणी शेजारी बसून सांगितलं की मग ते जमतं. (लघवी करताना मध्येच थांबवून रोज सराव करू नये, स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक.) सेतुबंधासनात उचलण्याचा सराव बरा होतो, बद्धकोनासन, बालासन आणि शवासनातला खोल श्वास सोडायला शिकवतात. अंग बाहेर येत असेल तर मालासनात, म्हणजे उकिडवं, बराच वेळ बसू नये. पाटी किंवा हंडा उचलायच्या आधी तळ वर घ्यायचा आणि श्वास सोडत उचलायचं, ही एवढी सवय हर्णैच्या बाईला कुठल्याही आसनाआधी शिकवावी.

पुराव्याबद्दल नेमकं बोलायला हवं. लघवी सुटण्यावर हा व्यायाम गुणकारी आहे, याला भरभक्कम आधार आहे. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं, निदान तीन महिने, असं सांगतात. लैंगिक सुखाबाबत आधार आहे, पण तितका पक्का नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या एका अभ्यासात ४० स्त्रियांनी १२ आठवडे योग केला. इच्छा, उत्तेजना, ओलावा, कामतृप्ती, समाधान आणि वेदना या सहाही अंगांनी त्यांच्यात सुधारणा दिसली, पंचेचाळिशीपुढच्या बायकांत अधिक. पण तुलनेसाठी योग न करणारा गट नव्हता, त्यामुळे श्रेय किती योगाचं आणि किती एकत्र जमून मोकळं होण्याचं, हे त्यावरून ठरत नाही. मला विचाराल तर रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बाईला दोन्हींची गरज असते.

हल्ली मोबाइलवर 'घट्ट करा, नवऱ्याला खूश ठेवा' अशी मलमं आणि व्हिडिओ फिरतात. हा या व्यायामाचा विपरीत अर्थ आहे. ताकद हवी ती बाईच्या स्वतःच्या जाणिवेसाठी, न दुखण्यासाठी, हवं तेव्हा आवळता आणि हवं तेव्हा सोडता येण्यासाठी. मलमाने स्नायू बळकट होत नाहीत, आग मात्र होऊ शकते.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या या व्यायामाच्या सत्रांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट तालुक्याला असला तर असतो, पण आशाताई मात्र दारात येते. दवाखान्यात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन, ताप, अंगावरचं पाजणं, आईचा रक्तस्राव बघते. बेचाळिसावा दिवस म्हणजे जवळजवळ तोच आपला सव्वा महिना, पाटी आणि हंडा परत डोक्यावर येण्याची वेळ. त्या दिवशीच्या तक्त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत: लघवी सुटते का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, जवळ येताना दुखतं का. आणि श्वास सोडत तळ उचलायला तिथेच, बाजेवर बसल्या बसल्या, शिकवावं.