खंड्या : बुडबुड्यातून धावणाऱ्या लढाऊ पाणबुडीची पूर्वपीठिका

आम्ही फासे टाकत, गोष्ट रचत जो भूमिका-खेळ खेळतो, त्यातल्या ‘खंड्या’ला वळता का येत नाही, हा प्रश्न नवा खेळाडू पहिल्याच रात्री विचारतो. दोन माणसांची ही छोटी लढाऊ पाणबुडी पाण्याखाली ताशी साडेतीनशे किलोमीटरने जाते, पण जाते ती नाकासमोर. धाव सुरू झाली की तिला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आणि सुकाणू जोरात फिरवलं तर ती मोडते. खेळ अवघड व्हावा म्हणून खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने मुद्दाम घातलेली ही बंधनं आहेत, असं पुष्कळांना वाटतं. त्यातले आकडे आमचे आहेत हे खरं, पण बंधनं पाण्याची आहेत. ती मी पहिल्यांदा पाहिली बेळगावच्या उद्यमबागमध्ये, पंप दुरुस्तीच्या एका शेडमध्ये.

ती शेड मामांची. मार्च संपला की रायबाग, अथणीकडचे ऊसवाले कृष्णेवरच्या मोटरी टेम्पोत घालून आणायचे. तक्रार एकच : मोटर फिरतेय, पाणी पडत नाही. मामांनी एकदा पंपाचं केसिंग उघडून इंपेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) माझ्या हातात दिला. गनमेटलचा, तळहाताहून थोडा मोठा. बाहेरची कड अगदी गुळगुळीत होती. पण पाणी जिथून आत शिरतं तिथली पाती वाळवीने खाल्लेल्या फळीसारखी झाली होती. बोट फिरवलं तर कातडी खरवडली जाईल इतकी खरखरीत, आणि एका पात्याला तर आरपार भोक. मी म्हटलं, गंज चढलाय. मामा म्हणाले, “गंज न्हवं रे त्ये. पाणी उकळलंय बघ की तिथं.”

एप्रिलमधलं का असेना, कृष्णेचं पाणी उकळेल कसं, हे मला दहावीच्या वयात पटेना. मामांनी जे सांगितलं ते पुढे इंजिनिअरिंगला शिकलो तेव्हा अक्षरशः तसंच निघालं. पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा नदीतलं पाणी पाइपातून वर ढकलते. उन्हाळ्यात नदी खाली जाते, मोटर मात्र काठावर जिथल्या तिथे राहते आणि शेतकरी सक्शनचा पाइप वाढवत नेतो. उंची हाताबाहेर गेली की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाण्याची साध्या तापमानालाच वाफ होते. २५ अंशाच्या पाण्याला त्यासाठी दाब वातावरणाच्या सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आला की पुरे. वाफेचे ते बुडबुडे पात्यावरून पुढे सरकतात, दाब परत वाढतो आणि ते मिटतात. मिटणाऱ्या बुडबुड्याच्या जागी चहूबाजूंनी पाणी धावून येतं आणि पात्यावर ठोका बसतो. असे अगणित ठोके बसून धातू उडत जातो. असा पंप चालू असताना आत खडी पडल्यासारखा वाजतो, आणि अनुभवी मेस्त्री तेवढ्यावरून दुखणं ओळखतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथली हवा थोडी हलकी. म्हणून समुद्रकाठच्या कारवारला एखादा पंप जितक्या खालून पाणी उचलतो, त्यातला पाऊण-एक मीटर त्याला इथे सोडून द्यावा लागतो.

या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात. हा शब्द जहाजांच्या दुनियेतला.

१८९३-९४ साली ब्रिटिश आरमाराची ‘डेअरिंग’ ही नवी विनाशिका चाचणीत ठरलेला २७ नॉटचा (ताशी सुमारे ५० किलोमीटरचा) वेग गाठेना. इंजिन पुरेशी ताकद देत होतं, प्रोपेलर फिरत होता, पण ताकद कुठेतरी वाया जात होती. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवल्यावर वेग आला. पात्यांमागे पोकळी तयार होते हे तेव्हा उमगलं आणि जहाजांवर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट एडमंड फ्रूड यांनी तिला नाव दिलं. त्याच सुमाराला इंजिनिअर चार्ल्स पार्सन्स आपली वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका ‘टर्बिनिया’ घेऊन झगडत होते. टर्बाइन इतकी वेगाने फिरायची की प्रोपेलरभोवती पाणी उरायचंच नाही. पार्सन्सनी मग जे केलं त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. त्यांनी १८९५ मध्ये काचेच्या खिडकीची एक लहानशी बंद टाकी बनवली, तीत छोटा प्रोपेलर फिरवला आणि प्रत्येक फेरीत नेमक्या एकाच क्षणी त्याच्यावर प्रकाश पाडला. त्यामुळे पाती जागच्या जागी थांबल्यासारखी दिसली आणि त्यांच्यावर चिकटलेली पोकळी डोळ्यांना दिसली. त्यानंतर टर्बिनियाला एकाच्या जागी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ प्रोपेलर आले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात, स्पिटहेडला उभ्या असलेल्या युद्धनौकांच्या रांगांमधून ती ३४ नॉटने धावली. त्या वेळी तिला गाठील असं तिथे काही नव्हतं. मिटणारा बुडबुडा किती जोराने ठोका देतो याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९१७ मध्ये मांडलं. मामांच्या शेडमधला इंपेलर त्या गणिताचा पुरावा होता.

पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचा खटाटोप एकच : बुडबुडा होऊ द्यायचा नाही. पाणबुड्यांचा वेग वाढला तो इंजिनं आणि आकार सुधारून. जर्मनीत हेल्मुट वाल्टर यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या व्ही-८० पाणबुडीने १९४० मध्ये पाण्याखाली २८ नॉट गाठले. सोव्हिएत संघाच्या टायटॅनियमच्या के-२२२ पाणबुडीने चाचणीत ४४.७ नॉट गाठले, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास. माणसांना घेऊन पाण्याखाली धावण्याचा तो विक्रम. आपल्या पुणे-बेंगळुरू हायवेवर हत्तरगीच्या टोलनाक्यापुढे ट्रॅव्हल्सच्या बसेस याहून जोरात जातात. पण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असतं. कमरेएवढ्या विहिरीत चालून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. त्या वेगाला के-२२२ इतकी गर्जायची की लपून राहणं हा पाणबुडीचा मूळ गुणच संपायचा.

हिशेब उलटा मांडला तो कीवच्या हायड्रोमेकॅनिक्सच्या (पाण्याच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या) संस्थेत. बुडबुडा टळत नसेल तर त्याला इतका मोठा करायचा की अख्खं यान त्याच्या पोटात मावेल. मग पाणी लागतं ते फक्त नाकाच्या टोकाला आणि मागच्या पंखांना, बाकी अंग वाफेत आणि वायूत. यातून ‘श्कवाल’ हा टॉर्पेडो झाला. काम १९६० च्या दशकात सुरू झालं आणि १९७७ मध्ये तो सोव्हिएत नौदलात आला. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, वजन पावणेतीन टनांच्या घरात, मागे रॉकेट, वेग सुमारे २०० नॉट. नाकावर तो बुडबुडा तयार करणारी लहान चकती आणि बुडबुडा भरलेला राहावा म्हणून तिच्यामागून सोडलेला वायू. पल्ला सुमारे सात किलोमीटर. एवढं अंतर त्या वेगाला सत्तर सेकंदांत संपतं. आमच्या खेळात खंड्याची धाव दहा सेकंदांच्या सात फेऱ्यांची आहे ती यावरून.

आणि वळण्याचं उत्तरही तिथलंच आहे. कीवमधले शास्त्रज्ञ गिओर्गी लॉगव्हिनोविच यांनी एक तत्त्व मांडलं, आणि खंड्याचा सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. चकती ज्या बिंदूतून गेली तिथे पाण्याचं एक कडं फुगतं. फुगून, थोडा वेळ टिकून, ते आपल्याच हिशेबाने मिटतं. चकती पुढे गेल्यावर तिने काहीही केलं तरी मागच्या कड्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे यानाची शेपटी ज्या बोगद्यातून जाणार, तो बोगदा नाकाने आधीच खोदून ठेवलेला असतो. नाक एकदम वळवलं तर शेपूट जुन्या बोगद्याच्या भिंतीवर आपटते, आणि सेकंदाला शंभर मीटर वेगाला पाण्याची भिंत दगडी भिंतीपेक्षा मऊ नसते. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पंप खाणाऱ्या त्याच बुडबुड्याच्या पोटात आता माणूस बसवायचा होता.

माणूस बसवणं ही कल्पना आमची, ती फक्त खेळातली. असे खेळ मुळात लष्करी सरावातून आले. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा युद्धखेळ स्वीकारला होता, आणि १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ आला तोही युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या हातूनच. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत एका मित्राच्या गच्चीवर खेळतो, मराठीत. समुद्र आम्ही आपलाच घेतला : सदाशिवगडाखाली काळी नदीचं मुख, कूर्मगडाचं बेट, पुढे अंजदीव. काठाजवळ हे पाणी उथळ आहे आणि खंड्याला तेच हवं. १० मीटर खोलीवर एकूण दाब दोन वातावरणांएवढा असतो, ७० मीटरवर आठ. दाब चौपट झाला की तेवढाच बुडबुडा धरायला वेग दुप्पट लागतो, आणि तेवढी ताकद खंड्यात नाही. म्हणून नियमात ३० मीटरच्या खाली धाव सुरूच होत नाही. आंग्र्यांच्या आरमारातली गलबतंही अशीच काठ धरून राहायची. वारा पडला की वल्ह्यांवर बाहेर यायची आणि अडकलेल्या मोठ्या जहाजाला मागून गाठायची. खंड्याची लढाई आम्ही त्याच चालीची ठेवली : खाडीत दबून बसायचं, एकदाच सुटायचं.

नाव सुचलं खानापूरला, मलप्रभेच्या काठावर. तारेवर बसलेला खंड्या सरळ पाण्यात घुसला आणि मासा घेऊन वर आला, सगळं दोन-तीन सेकंदांत. घुसताना त्याच्याबरोबर हवेची एक चांदीसारखी रेघ खाली गेलेली स्पष्ट दिसली. गटातल्या एकाने नावाला हरकत घेतली : खंड्याची चोच अणकुचीदार, आपल्या यानाचं नाक तर चपटं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. खंड्याला पाणी फाटायला हवं असतं, आपल्याला ते दूर फेकायला हवं. टोकदार नाक पाण्याला अंगालगत सरकू देतं, चपटी चकती बाजूला उडवते. शेवटी चित्रात लांब चोच ठेवली आणि तिच्या टोकाला रुपयाएवढी चकती काढली.

आतली जागा किती असावी हे कागदावर जमेना. मग आम्ही कारवारला गेलो. तिथे टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपल ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तिच्या आत मान वाकवूनच चालावं लागतं, खांदा सारखा कुठल्यातरी पाइपला लागतो. ती तर पाण्यावर चालणारी नौका. तिथून परतताना ठरलं : खंड्यात दोघं शेजारी बसणार नाहीत, पाठीला पाठ लावून पडतील.

धाव सुरू करायचा शब्दही आपोआप पडला. गटात एक मित्र कन्नड घरातला. पहिल्या लढाईत चालक तोच होता, आणि बुडबुडा पेटवायच्या क्षणी तो ओरडला, “गुळ्ळे!” कन्नडमध्ये बुडबुड्याला गुळ्ळे म्हणतात. तेव्हापासून आम्ही सगळे तेच ओरडतो, मराठी घरातलेही.

त्या लढाईत त्याने जे केलं ते आता नियमांत आहे. कूर्मगडाला वळसा घालायचा होता आणि वळणं तर शक्य नव्हतं. चौथ्या फेरीत त्याने वायू बंद केला आणि बुडबुडा मिटू दिला. पाण्याने यानाला धरलं, वेग कोसळला, फाशावर चौदा आले म्हणून सांगाडा टिकला. मग सावकाश नाक फिरवून त्याने शेवटचं रॉकेट पेटवलं. राहिलेल्या तीन फेऱ्या तो आंधळाच गेला.

मामांनी दिलेला तो भोकाचा इंपेलर मी सांभाळून ठेवलाय. कुणी “गुळ्ळे” म्हटलं की तो उचलून त्याच्या पुढ्यात ठेवतो. सातवी फेरी संपली, किंवा यान मोडलं, की परत घेतो.